शेवटची जोडी

माझी मावशी आयुष्यभर गुणसूत्रं कापत होती. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग "म्हणजे?" विचारतो, आणि मला कितीही घाई असली तरी बसून सगळं समजावून द्यावं लागतं. तेव्हा आता एकदाच लिहून ठेवते.

त्या काळी हे काम करणारे कॉम्प्युटर नव्हते. पेशी दुभंगायच्या बेतात असताना तिच्यातली गुणसूत्रं आखडून जाड होतात, तेवढ्यात तिला थांबवायचं, काचेवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा. फोटोत काळ्या अळ्या सांडल्यासारख्या दिसायच्या. काही लांब, काही आखूड, प्रत्येकीला कुठेतरी बारीकशी कंबर. मावशी नखं कापायच्या वाकड्या कात्रीने एकेक अळी कापायची, चिमट्याने उचलायची, उंची आणि कंबर बघून तिचा जोडीदार शोधायची आणि दोघांना शेजारी शेजारी कार्डावर चिकटवायची. माणसाच्या पेशीत अशा तेवीस जोड्या असतात. बावीस जोड्या मुलात काय नि मुलीत काय, सारख्याच. तेविसावी जोडी मावशी मुद्दाम शेवटी लावायची. दोन एक्स निघाले तर मुलगी. एक्सशेजारी बारकुडा वाय निघाला तर मुलगा.

याआधी ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टांची काजं कापायची. प्रयोगशाळेला स्थिर हाताचं माणूस हवंय असं कळलं, तशी ती गेली आणि मुलाखतीत म्हणाली, "शिक्षण बेताचं आहे, पण हात बघा." सरांनी हात बघितला आणि ठेवून घेतलं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, वाकलेले, खिशात कायम तुटकी पेन्सिल, आणि आनंद झाला की स्वतःचंच डोकं खाजवणारे.

मावशीची खोली मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकी कायम बंद. पंखा होता, पण त्याचं बटण मावशीने चिकटपट्टी लावून कायमचं झोपवलं होतं. कारण एक झुळूक आली की तासाभराची मेहनत टेबलाखाली. दारावर तिच्या अक्षरात पाटी होती : "आत येण्याआधी शिंकून घ्या." सरसुद्धा दाराबाहेर उभं राहून प्रामाणिकपणे शिंकायचा प्रयत्न करून बघायचे.

तिची आणखी एक खोड होती. कार्डावर फक्त नंबर असायचा. नाव कुणाचं, वय काय, हे ती कधी विचारायची नाही. म्हणायची, "आधीच कळलं की डोळा लबाडी करतो. जे बघायचंय तेच दिसायला लागतं." शेवटची जोडी चिकटली की ती चिमटा खाली ठेवायची आणि एकट्या खोलीतसुद्धा मोठ्याने सांगायची, "आली गं बाई, मुलगी आली!" नाहीतर, "आला गं बाई, मुलगा आला!" मग ते कार्ड माणसाचं असो की उंदराचं. म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला सुईण म्हणायचे. तिला ते आवडायचं. स्वतःचं लग्न झालं नव्हतं, पण आपल्या हातून हजारो बाळंतपणं झाली असं ती ऐटीत सांगायची.

मी सतरा वर्षांची होते. घरी दोघे धाकटे भाऊ धुमाकूळ घालायचे, म्हणून कॉलेज सुटलं की अभ्यासाला मावशीच्या खोलीत जाऊन बसायचे. अभ्यास कमी आणि मावशीची फिरकी घेणं जास्त.

एकदा गेले तर मावशी जमिनीवर रांगत होती. शेजारी सर रांगत होते. जनावरांच्या खोलीची निगा राखणारे, ज्यांना प्रयोगशाळेत सगळेच मामा म्हणायचे, ते दाराशी केरसुणी घेऊन उभे होते आणि कोणी हलू नका म्हणून दटावत होते.

"काय हरवलं?" मी विचारलं.

"गुणसूत्र," मावशी टेबलाखालून म्हणाली. "तिथेच थांब. चपलेचा तळ दाखव."

झालं होतं असं. सरांकडे कुठल्याशा दूरच्या डोंगराळ माळरानावरून भुयारात राहणारे उंदीर आले होते. खसखशीएवढे डोळे, माती उकरायला ओठांच्या बाहेर आलेले पिवळे दात, अंगाला मऊ मऊ लव. त्यातल्या एका नराचं कार्ड मावशी लावत होती. आठ जोड्या लागल्या आणि एक तुकडा उरला. सतरा. एकटा एक्स कार्डावर बसला होता आणि त्याचा जोडीदार, जो वाय असायला हवा, तो गायब. मावशीच्या हातून आजवर एकही तुकडा हरवला नव्हता. तिने कात्री झटकली, पदर झटकला, डिंकाची बाटली उजेडात धरून बघितली. सरांच्या मिशीतही डोकावली.

सापडलं नाही. दुसरा फोटो कापला, त्यातही सतराच. मग मादीचा कापला. मादीचेही सतराच निघाले, एक एक्स आणि शेजारी कुणीच नाही. नराचं कार्ड आणि मादीचं कार्ड शेजारी ठेवलं तर कुठलं कुणाचं हे सांगता येईना.

मावशी रडकुंडीला आली. "सर, दोन्हींत एकेक हरवलंय. मला कामावरून काढा."

सर दोन्ही कार्डांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोकं खाजवायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी. "हरवलं नाही हो सुईणबाई," ते म्हणाले. "मुळातच नाहीये. यांच्या कुळातून वाय केव्हाचाच निघून गेलाय. नराकडेही नाही."

"मग नर नर कसा होतो?"

"माहीत नाही!" सर एवढ्या आनंदाने ओरडले की मामांच्या हातून केरसुणी पडली. "लोक म्हणतात डोंगर पोखरून उंदीर काढला. आपण उंदीर पोखरला आणि आत डोंगर निघाला!"

पुस्तकात मी वाचलं होतं, की वाय असेल तर नर, नसेल तर मादी. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न यायचा. आणि इथे मामांच्या पिंजऱ्यात ते पिवळ्या दातांचे प्राणी वायबियच्या भानगडीत न पडता सुखाने संसार करत होते. त्यांचं कोडं आजही पुरतं उलगडलेलं नाही, असं ऐकते. त्या दिवशी मात्र आम्ही चौघं त्या बंद खोलीत घामाघूम होऊन ती दोन सारखी कार्डं बघत उभे होतो आणि कुणालाच घरी जावंसं वाटत नव्हतं.

आता माझं सांगते.

माझ्या बरोबरीच्या सगळ्या मुलींना पाळी आली होती. मला नाही. आई वर्षभर "येईल, येईल" म्हणत होती आणि मग एक दिवस तिने म्हणणं बंद केलं. मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. मला सांगितलं, अंगात रक्त कमी आहे का ते बघतायत. आईने हे कुणालाच कळू दिलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. पण त्या दवाखान्याची रक्तं सरांच्याच प्रयोगशाळेत यायची, आणि फोटो निघाले की मावशीच्याच टेबलावर.

त्या दुपारी मी तिच्या समोरच बसले होते. शेंगदाणे खात होते आणि गणित सोडवल्यासारखं करत होते. मावशीने एका नंबराचं कार्ड पुरं केलं, चिमटा खाली ठेवला आणि सवयीने म्हणाली, "आला गं बाई, मुलगा आला! वाय बघ कसा लख्ख निघालाय."

मी मानही वर न करता म्हणाले, "त्याला म्हणावं, अभ्यास कर. आम्हीच काय मरायचं!"

दोघी हसलो. ते कार्ड माझं होतं.

पुढच्या आठवड्यात आईला एकटीला ते झेपेना, तेव्हा ती दवाखान्यातून मिळालेलं तपासणीचं पाकीट घेऊन मावशीकडे गेली, आणि त्यावरचा नंबर बघून मावशीला उमगलं. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं की मुलीला सांगू नका, कोवळं वय आहे, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. आईनेही तोंडाला कुलूप लावलं. मावशी म्हणाली, "सतरा वर्षांच्या पोरीपासून तिचंच अंग लपवणार?" दोघी बहिणींचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी आईने मावशीकडून वचन घेतलं की ती तोंड उघडणार नाही. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की रोज येता जाता भांडणाऱ्या आणि रोज गोड होणाऱ्या या दोघी आता भांडतही नव्हत्या.

आणि मावशीची घोषणा बंद झाली.

शेवटची जोडी चिकटली की ती कार्ड पालथं घालायची आणि पुढचा फोटो ओढायची. मी डिवचून पाहिलं. "काय गं, सुईणीचा संप आहे का?" ती म्हणायची, "घसा बसलाय." महिना गेला, दोन महिने गेले, घसा काही उठेना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. घरी आई माझ्याकडे बघता बघता एकदम स्वयंपाकघरात निघून जायची. कुणी काही सांगत नसलं तरी घरात काय चाललंय ते अंगाला कळतं. मला कसलातरी मोठा आजार आहे आणि मी मरणार आहे, अशी माझी खात्री झाली. मी मनातल्या मनात माझी पुस्तकं भावांना वाटूनही टाकली होती.

अशात मामांनी तक्रार आणली. त्यांच्याकडे लेमिंग होते. थंड प्रदेशातल्या जंगलांत शेवाळ खाऊन राहणारे, मुठीत मावतील एवढे उंदराच्या जातीचे प्राणी, पाटीसारखे करडे आणि पाठीवर गंजाचा डाग पडल्यासारखा तांबूस पट्टा. मामा म्हणाले, "सर, ही एक बया आहे, हिला नुसत्या मुलीच होतात. चार वेळा व्याली, एक मुलगा नाही. जोड्या लावायला मी नर आणू कुठून?"

"मुली होतात यात तिचा काय दोष?" मावशी फाडकन म्हणाली.

"दोष कुठे म्हणतोय? नवल म्हणतोय."

सरांनी त्या मादीच्या कानाच्या टोकाची चिमटीएवढी कातडी घेतली आणि तिच्या पेशी बाटलीत वाढवल्या. फोटो निघाले, मावशीकडे आले. मी समोरच होते. मावशी कापत गेली, लावत गेली, शेवटच्या जोडीला आली आणि थांबली. भिंग जवळ ओढलं. परत लांब केलं.

"सर," ती म्हणाली, "नमुना बदललाय. हा नराचा आहे. एक्स आणि वाय."

सरांनी मामांना झापलं. मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्यांनी आपल्या हाताने तीच मादी परत आणून सरांसमोर ठेवली. पुन्हा कातडी, पुन्हा बाटली, पुन्हा फोटो. मावशीने पुन्हा कापलं. पुन्हा एक्स आणि वाय.

मावशी उठली. कात्री हातातच होती. ती कधीच जनावरांच्या खोलीत जायची नाही, वासाने तिला शिंका यायच्या. त्या दिवशी ती थेट जिने उतरून खाली गेली. मी वरतीच होते. बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते, आणि ते शिंकांनी नव्हे. तिने माझा हात धरला.

"चल."

"कुठे?"

"चल म्हणते ना."

खालच्या खोलीत ओल्या भुशाचा आणि शेवाळाचा वास होता. मामांनी पिंजऱ्याचं झाकण अलगद उचललं आणि ते बाहेर गेले. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. शेवाळाच्या घरट्यात ती करडी मादी कुशीवर पडली होती आणि बोटाच्या पेराएवढी पाच पिल्लं तिला लुचत होती. एक पिल्लू घसरलं. तिने मान वळवली, त्याला तोंडात धरून परत जागेवर आणलं आणि चाटू लागली.

"हिच्यात वाय आहे," मावशी कुजबुजली. "अंगाच्या पेशीपेशीत. मी दोनदा कापलाय. मामांच्या नरांमध्ये असतो तसाच."

"आणि ही आई आहे?"

"बघ ना तूच."

मी बघत राहिले. एवढासा जीव, आणि आमच्या पुस्तकातलं ठळक अक्षरातलं वाक्य त्याच्या गावीही नव्हतं. पुढे हळूहळू कळलं की अशा मादीचा एक्सच असा बदललेला असतो की तो वायला गप्प बसवतो. आणि अंडी घडवताना ती तो वाय बाजूला टाकून एक्सचीच जोड करून घेते, म्हणून तिला नुसत्या मुली. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त ती होती आणि लुचण्याचा बारीक आवाज.

"ऐक," मावशी म्हणाली. "तुझ्या आईला दिलेलं वचन मी आता मोडणार आहे. तू मरणार नाहीयेस. तुला आजार नाही. त्या दिवशी मी मुलगा आला म्हणाले ना, ते कार्ड तुझं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानांत घण घातल्यासारखं झालं. "म्हणजे मी मुलगा आहे?"

मावशीने पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "तिला विचार."

मी चिडले. भयंकर चिडले. "तिला पिल्लं आहेत! मला पाळीसुद्धा नाही. मला होणारेत का मुलं?"

"नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण नजर हलली नाही. "तुला गर्भाशय नाही. तुला मूल होणार नाही. हिची गोष्ट वेगळी, तुझी वेगळी. तुझ्यात वाय आहे, तो निरोप धाडतो, पण तुझ्या पेशी तो निरोप घेतच नाहीत. आईच्या पोटात होतीस तेव्हापासून नाही घेतला. म्हणून तू जशी आहेस तशी घडलीस. डॉक्टरांनी हे तुझ्या आईला सांगितलं, तिने मला. मी तुला खोटा धीर द्यायला नाही आणलं इथे. मी एवढंच दाखवायला आणलं, की मी आयुष्यभर शेवटची जोडी बघून ओरडत आले आणि मला वाटायचं, झालं, आता सगळं कळलं. काही कळलं नव्हतं गं मला."

मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. तिला शिंका येत होत्या आणि मला हुंदके. मामा बाहेरून म्हणाले, "पिल्लं घाबरतील हो." म्हणून आम्ही तोंडावर पदर दाबून रडलो, एकाच पदरात दोघी.

आईला कळलं तेव्हा घरात भांडी आपटली. "माझ्या लेकीला तू उंदरांच्या पिंजऱ्यापाशी नेऊन सांगितलंस? दुसरी जागा नाही मिळाली?" मावशी म्हणाली, "तू घरात सांगितलं असतंस तर गेले नसते." आई चूल सोडून खाली बसली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मग मला जवळ ओढून म्हणाली, "मला वाटलं, तुला कळलं तर तू माझी राहणार नाहीस." एवढी शहाणी बाई आणि एवढं खुळं भय. मी तिला म्हणाले, "मग काय शेजाऱ्यांची होणार होते?"

पुढे कॉम्प्युटर आले. पडद्यावरच जोड्या लागायला लागल्या. मावशीने पंख्याच्या बटणावरची चिकटपट्टी स्वतःच्या हाताने काढली, पंखा पूर्ण वेगात सोडला आणि त्याखाली बसून निवृत्त झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. नवऱ्याला लग्नाआधी सगळं सांगितलं, तर म्हणाला, "बरं. पण स्वयंपाक कोण करणार ते आधी ठरवू." तोच करतो. दोन गुणांचा तो प्रश्न दरवर्षी शिकवावाच लागतो. तो शिकवून झाला की मी मुलांना त्या पिवळ्या दातांच्या सतरावाल्यांची गोष्ट सांगते. मग वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी वर्षभर खडू खाते. मावशी गेली तेव्हा तिची कात्री माझ्याकडे आली. तिने मी नखं कापत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीचं. पिंजऱ्यापाशी रडलो त्यानंतर काही दिवसांनी मी मावशीला म्हणाले, "मला माझं कार्ड बघायचंय." तिने सरांची परवानगी काढली. त्या दिवशी आईही आली. दाराबाहेर उभी राहून पाटी वाचून तिने खरंच शिंकून घेतलं.

मावशीने कार्ड दिव्याखाली ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. पहिली जोडी लांब, ऐटदार. दुसरी, तिसरी. इतक्या नीट लावलेल्या, एकही तिरकी नाही. मी एकेकीवरून भिंग फिरवत गेले. हे सगळं माझ्या प्रत्येक पेशीत, नखाच्या टोकापासून डोळ्यातल्या पाण्यापर्यंत आहे, आणि हे कुणीतरी आपल्या हातांनी कापून मांडलंय, असं मनात आलं. शेवटी कोपऱ्यात एक्स. त्याच्याशेजारी बारकुडा, लख्ख वाय.

आईने माझा खांदा घट्ट धरला होता. मी भिंग खाली ठेवलं. घसा बसल्याला चार महिने होऊन गेले होते.

"मावशी," मी म्हणाले, "सांग ना."

तिने कार्डाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, केसांपासून पायांपर्यंत, जणू मी आत्ताच तिच्या हातात आले होते. चिमटा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि बंद खिडकीची काच थरथरेल एवढ्या मोठ्याने ओरडली,

"आली गं बाई, मुलगी आली!"